मेलचं जुनं दप्तर सर्व्हरवरून उतरवून ठेवताना

कापसाचा हंगाम भरात असतो, जिनिंगवाल्याकडून वजनाचं विवरण यायचं असतं, आणि मेल काही येत नाही. फोन केला की समोरचा म्हणतो, "पाठवला होता जी, परत आला." मेलची पेटी भरलेली असते, म्हणून तो परत गेलेला असतो.

जीमेलचं मोफत खातं १५ जीबीचं. ही जागा नुसत्या मेलची नाही. ड्राइव्हवरच्या फाइली, फोनमधून वर चढणारे फोटो आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप, सगळे त्याच १५ जीबीत मोजले जातात. गावातल्या बहुतेक संस्थांचं खातं कुणाच्या तरी रोजच्या फोनला जोडलेलं असतं, त्यामुळे मेल थोडे असले तरी पेटी भरते. भरली की मेल येणं थांबतं आणि पाठवणंही थांबतं. जागा संपलेल्या अवस्थेत खातं दोन वर्षं राहिलं तर गूगल त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. दोन वर्षं कुणी खातं उघडलंच नाही, तर अख्खं खातं काढून टाकण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झाला आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने स्वतःचं डोमेन (आपल्या नावाचा वेब-पत्ता) घेऊन होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे जागा भाड्याने देणाऱ्याच्या, सर्व्हरवर मेल ठेवले असतील, तर धोका आणखी जवळ आहे. वर्षाचं नूतनीकरण राहिलं की सर्व्हरवरची जागा जाते आणि तिच्यासोबत मेलही.

म्हणून जुने मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या डिस्कवर ठेवायला शिकायचं. जिच्या किंवा ज्याच्या हाती संस्थेचा कॉम्प्युटर आहे, पण ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. आणि क्रमात सर्वांत शेवटी येते ती सर्व्हरवरून पुसण्याची पायरी. ती कधीच आधी घ्यायची नाही.

काय ठेवायचं आणि किती वर्षं

पहिल्यांदा वही घेऊन बसा. कोणत्या व्यवहाराचे मेल कधी लागू शकतात ते लिहा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांना आधार देणारी व्हाउचरं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि शेतकरी उत्पादक कंपन्या याच कायद्याखाली येतात. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात. बिलं, खरेदीचे करार, बँकेची पत्रं मेलनेच येत असतील तर ते मेल म्हणजे तुमचं दप्तरच आहे. पोकरा किंवा स्मार्ट अशा सरकारी कृषी प्रकल्पात अनुदानाचा प्रस्ताव दिला असेल, तर मंजुरीचे आणि त्रुटी कळवणारे मेल काम संपल्यावरही ठेवा. तपासणी नंतर येते.

कास्तकाराच्या बाजूने पाहिलं तर हे आणखी महत्त्वाचं. पीक विम्यात गारपीट, पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल, तर नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. कळवलं होतं हे सांगायला तारीख आणि वेळ लागते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भात आणि बाकी महाराष्ट्रात तक्रारींचा ढीग पडला होता. अशा वेळी बियाण्याचं बिल, लॉट नंबर, पंचनाम्याची प्रत जिथे मेलवर होती, तिथे ती सापडायला हवी. कुणी ऑफिसात येऊन विचारतो, "माया विम्याचा तो मेल हाय का जी तुमच्याकडं?" त्याला "हाय" म्हणता यावं, यासाठी ही सगळी खटपट.

मेल छापून फाइलीला लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. वाचायला छापील प्रत बरी, पण तिच्यात अर्धी माहिती येतच नाही. प्रत्येक मेलच्या वर हेडर नावाचा भाग असतो. मेल कुठून निघाला, कोणत्या सर्व्हरांवरून आला, किती वाजता पोहोचला हे त्यात नोंदलेलं असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद जपण्याच्या अटी दिल्या आहेत. ती पुढे पाहता यावी, मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर तंतोतंत दाखवता येईल अशा स्वरूपात असावी, आणि कुठून आली, कुठे गेली, कधी गेली-आली हे ओळखता यावं. ईएमएल किंवा एमबॉक्स स्वरूपात उतरवलेल्या मेलमध्ये हेडर आणि जोडलेल्या फाइली जशाच्या तशा राहतात. म्हणून या दोनपैकी एका स्वरूपातच साठवा. ईएमएलमध्ये एका मेलची एक फाइल होते. एमबॉक्समध्ये पूर्ण फोल्डरची मिळून एकच.

आयमॅप की पॉप

मेल उतरवणारा प्रोग्राम सर्व्हरशी दोन पद्धतींनी बोलू शकतो आणि इथेच नवख्या माणसाचा घोटाळा होतो.

पॉप पद्धतीत मेल सर्व्हरवरून खाली येतात आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून लगेच किंवा काही दिवसांनी पुसले जाऊ शकतात. शिवाय साधारणपणे फक्त इनबॉक्स उतरतो, पाठवलेले मेल राहून जातात. आपण काय पाठवलं होतं हा निम्मा पुरावा असतो, तोच हातून जातो.

आयमॅप पद्धतीत सर्व्हरवरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे दिसतात. आपण हीच वापरणार. पण एक गोष्ट पक्की समजून घ्या. आयमॅपने कॉम्प्युटरवर दिसणारे मेल सर्व्हरचा आरसा आहेत. सर्व्हरवर मेल पुसला की इथलाही जातो, इथे पुसला की तिथलाही. "माझ्या कॉम्प्युटरवर सगळे मेल आहेत" असं म्हणून कुणी ब्राउझरमध्ये जुने मेल पुसतं, आणि नेट जोडल्याबरोबर कॉम्प्युटरवरचेही निघून जातात. म्हणून आयमॅपने उतरवल्यावर ते मेल सर्व्हरशी संबंध नसलेल्या वेगळ्या फोल्डरात कॉपी करावे लागतात. ती कॉपी झाली की मगच साठवण झाली.

थंडरबर्डने उतरवणं

मोझिलाचा थंडरबर्ड हा प्रोग्राम मोफत आहे, विंडोज १० किंवा त्यानंतरचं विंडोज असलेल्या साध्या कॉम्प्युटरवरही बहुधा चालतो, आणि जीमेल असो की स्वतःचं डोमेन, दोन्हीला उपयोगी पडतो. मी संस्थांना हाच सुचवतो.

१. मोझिलाच्याच साइटवरून थंडरबर्ड उतरवून बसवा. नाव, मेलचा पत्ता द्या. जीमेल असेल तर गूगलची लॉगिनची खिडकी उघडते, तिथे पासवर्ड देऊन परवानगी द्या. होस्टिंगवाल्याचा सर्व्हर असेल तर त्याच्या सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) मेल खात्यासमोर कनेक्ट डिव्हायसेस असं दिसतं. तिथे सर्व्हरचं नाव मिळेल. आयमॅपचा सुरक्षित पोर्ट ९९३. पद्धत निवडायला सांगितली तर आयमॅपच निवडा.

२. लगेच अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज उघडा. मेल या कॉम्प्युटरवर ठेवा अशा अर्थाचा पर्याय चालू असू द्या. त्याच पानावर जुने मेल आपोआप पुसण्याचे पर्याय असतात. तिथे काहीही पुसू नये, हाच पर्याय निवडलेला आहे ना ते डोळ्यांनी पाहा. मेलच्या आकारावर मर्यादा घातलेली असेल तर काढा, नाहीतर मोठ्या जोडफाइली वर राहतील.

३. जीमेलमध्ये एकच मेल लेबलच्या फोल्डरात दिसतो आणि ऑल मेलमध्येही दिसतो. दोन्ही उतरवले तर डेटा दुप्पट जातो. त्याच पानावरच्या अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन फक्त ऑल मेलवर खूण ठेवा. आलेले आणि पाठवलेले दोन्ही त्यात असतात. स्पॅम आणि ट्रॅश त्यात नसतात, म्हणून कामाचा मेल चुकून स्पॅममध्ये पडलाय का ते आधी पाहून घ्या.

४. आता उतरू द्या. घाई करू नका. फाइल मेनूतल्या ऑफलाइनखाली आत्ता उतरवा असा पर्याय आहे, तो दिला की प्रोग्राम सलग काम करतो.

५. डावीकडे सर्वांत खाली लोकल फोल्डर्स दिसेल. त्याखाली आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर करा, १ एप्रिल ते ३१ मार्च. ऑडिटला कागद असेच मागतात, आणि प्रत्येक फोल्डरची फाइलही लहान राहते. फोल्डरांना नावं इंग्रजी अंक-अक्षरांत द्या. म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना अडचण येत नाही.

६. ऑल मेल तारखेप्रमाणे लावा. त्या वर्षाचा पहिला मेल निवडा, शिफ्ट दाबून शेवटचा निवडा, उजवी कळ दाबून कॉपी टू आणि मग लोकल फोल्डर्समधलं ते वर्ष. मूव्ह टू कधीही नाही. हजारो मेल एकदम उचलले तर जुना कॉम्प्युटर अडकतो, म्हणून चारपाचशेच्या गठ्ठ्यांनी करा. निवडलेल्यांची संख्या आणि फोल्डरातली वाढलेली संख्या दर वेळी जुळवा. फोल्डरवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडलं की संख्या दिसते. ती वहीत लिहा.

७. हे मेल फाइलीच्या रूपात बाहेर काढायला थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी हे जोडसाधन बसवा. एका वर्षाचं फोल्डर निवडून सगळे मेल ईएमएल किंवा एमबॉक्स स्वरूपात बाहेर काढता येतात आणि सोबत यादीही मिळते. याच फाइली पुढे डिस्कवर ठेवायच्या. यादी फार कामाची. तारीख, पाठवणारा, विषय हे सगळं एका पानावर, साध्या ब्राउझरमध्ये उघडणारं.

जीमेलचं एकच खातं असेल आणि नेट चांगलं असेल, तर गूगल टेकआऊट, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय, हा सोपा मार्गही आहे. त्यात सगळ्या खुणा काढून फक्त मेलवर खूण करा, झिपचा आकार २ जीबी ठेवा आणि मागणी नोंदवा. काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने, दुवा मेलने येतो. तो साधारण आठवडाभरच चालतो आणि प्रत्येक झिप मोजक्याच वेळा उतरवता येते. आतली एमबॉक्स फाइल वर सांगितलेल्या जोडसाधनानेच थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये घेता येते. टेकआऊटची अडचण अशी की मध्येच तुटलेली झिप अनेकदा पहिल्यापासून उतरवावी लागते. आमच्याकडच्या नेटवर ते परवडत नाही. थंडरबर्ड मात्र तुटलं तिथून पुढे चालू होतो.

नेट, लाइट आणि दिवसाचा डेटा

मोबाइलच्या पॅकवर रोज दीड-दोन जीबी मिळतो. १० जीबीचे मेल असले तर पाच-सात दिवस लागणारच, हे आधीच मान्य करा. गूगलही आयमॅपने एका दिवसात २,५०० एमबीच्या पुढे उतरवू देत नाही. मर्यादा ओलांडली तर खातं काही वेळ अडकून बसतं. ग्रामपंचायतीत भारतनेटची तार चालू असेल तर सरपंच-सचिवांना विचारून तिथे लॅपटॉप नेता येईल. नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी ओळखीच्या कुणाच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवा. सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर मात्र हे काम करू नका. या मेलमध्ये सभासदांचे आधार, सातबारा, बँक पासबुकाची पानं असतात. ती परक्या मशीनवर राहता कामा नयेत.

लाइटीची काळजी कॉपी करताना जास्त घ्यावी लागते. सर्व्हरवरून उतरताना लाइट गेली तर फारसं बिघडत नाही. बाहेरच्या डिस्कवर फाइल लिहिली जात असताना गेली तर ती फाइल अर्धवट राहते, कधी डिस्कही बिघडते. म्हणून हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करा, किंवा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असताना. जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की तारा काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी करा.

मेलसोबत न येणाऱ्या गोष्टी

जीमेलने २५ एमबीच्या वरची फाइल मेलला जोडता येत नाही. ती ड्राइव्हवर जाते आणि मेलमध्ये नुसता दुवा राहतो. तुम्ही मेल उतरवला तरी ती फाइल उतरत नाही. पाच वर्षांनी दुव्यावर दाबलं आणि पाठवणाऱ्याने ती काढून टाकली असेल, तर हाती काहीच लागणार नाही. गोदामाचे नकाशे, प्रकल्प अहवाल, पंचनाम्याचे फोटो असे दुव्याने आलेले असतात. जीमेलच्या शोधपट्टीत ड्राइव्हच्या पत्त्यातले शब्द (drive.google.com) टाकून असे मेल शोधा, फाइली वेगळ्या उतरवा आणि त्या वर्षाच्या फोल्डरशेजारी ठेवा. फाइलीच्या नावात मेलची तारीख घाला, म्हणजे जोडी लागते.

दुसरी गोष्ट आपल्या मराठीवाल्यांना भोगावी लागते. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखीच दिसण्याची पद्धत) रुळण्याआधीच्या कितीतरी जोडफाइली कृतीदेव, श्रीलिपी किंवा सरकारी ऑफिसातल्या डीव्हीबी टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की ठरावाऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, पण वाचता येत नाही. आज तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे, तोवर अशा वर्ड फाइली उघडा आणि पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. मूळ फाइलही राहू द्या. फॉन्टची फाइल मिळत असेल तर तीही त्याच डिस्कवर ठेवा. जुन्या ग्रामसभेचे ठराव आणि संस्थेचे उपविधी अशाच फाइलींत अडकलेले आहेत. ते सोडवायला आज जितकं सोपं आहे तितकं पुढे राहणार नाही.

डिस्क

पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. तो ने-आण करायला ठीक आहे. वर्षानुवर्षं लाइटशिवाय पडून राहिला तर त्यातलं लिहिलेलं उडू शकतं. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक ऑफिसात, एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या वस्तीतल्या संचालकाच्या घरी. आग, चोरी, पूर या सगळ्यांतून एक तरी वाचते.

नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ स्वरूपात असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. एमबॉक्स तेवढी सहज होते. काही ठेवण्याआधीच डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

टिनाच्या छपराखालच्या ऑफिसात मे महिन्यात काय होतं हे चंद्रपूर-अकोल्याकडच्यांना सांगायला नको. बाहेर ४५ अंश असतं, बंद खोलीत त्याहून जास्त. डिस्क पत्र्याजवळच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवू नका. खालच्या कपाटात, कापडात गुंडाळून, डब्यात ठेवा. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. खत-औषधांच्या गोदामात तर मुळीच ठेवू नका, तिथल्या हवेने धातू खराब होतो.

डिस्कवरच्या वर्षनिहाय फोल्डरांना सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने पासवर्ड लावून बंद करता येतं. सभासदांची माहिती आत असल्यामुळे हे करावं असं माझं मत. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे द्या. पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात राहिला आणि तो माणूस पुण्याला नोकरीला गेला, तर डिस्क असून नसल्यासारखी.

उघडून पाहणं

कॉपी झाली याचा अर्थ साठवण झाली असा नाही. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, त्याचं नेट बंद करा, आणि त्यावरच्या थंडरबर्डमध्ये एका वर्षाचं फोल्डर आत घ्या. आता शोधा. एखाद्या व्यापाऱ्याचं नाव टाका, एखादं जोडलेलं बिल उघडा, मराठी मजकुराचा एक मेल वाचा, पाठवलेल्यांपैकी एक काढा. प्रत्येक वर्षातले पहिले, शेवटचे आणि मधले काही मेल असे पाहा. मेलची संख्या वहीतल्या आकड्याशी जुळवा. जुळली नाही तर तिथेच थांबा आणि ते वर्ष पुन्हा कॉपी करा.

सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाइलीवर उजवी कळ दाबून एसएचए-२५६ काढता येतो. ६४ अक्षर-अंकांची ही ओळ म्हणजे त्या फाइलीचा ठसा. फाइलीतलं एक अक्षर जरी बदललं तरी ओळ बदलते. दोन्ही डिस्कवरच्या फाइलींची ओळ एकच यायला हवी. ती छापून वहीत चिकटवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हा ठसा लिहायचा असतो. उतरवण्याच्या दिवशीच तो काढलेला असला की पुढे वकिलाचं काम हलकं होतं.

मग पुसणं

दोन डिस्क तयार, दोन्ही उघडून पाहिलेल्या, ठसे जुळलेले. एवढं झाल्यावरच सर्व्हरकडे वळा. पुसण्याचं काम थंडरबर्डमधून करू नका, कारण जीमेलच्या लेबल फोल्डरातून मेल काढला की सेटिंगप्रमाणे कधी नुसतं लेबल निघतं आणि जागा मोकळी होत नाही. ब्राउझरमध्ये जा. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर दाबलं की आकार आणि तारीख भरायचे रकाने येतात. सर्वांत जुन्या वर्षापासून आणि १० एमबीच्या वरच्या मेलपासून सुरुवात करा. थोड्याच मेलनी पुष्कळ जागा सुटते. कोर्टात, विमा कंपनीकडे किंवा एखाद्या विभागात प्रकरण चालू असेल तर त्याचे मेल सर्व्हरवरही राहू द्या.

पुसलेले मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तोवर जागा अडवून ठेवतात. ते दिवस जाऊ द्या. ट्रॅश लगेच रिकामा करू नका. त्या महिन्यात कुणी जुना कागद मागितला तर तो सर्व्हरऐवजी डिस्कवरून काढून द्या, म्हणजे ऑफिसातल्या दुसऱ्या कुणालाही ते काम येईल. ट्रॅशमधून कुणालाच काही परत काढावं लागलं नाही, तर पुढच्या वर्षीसाठी वहीत तारीख टाकून ठेवा. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा पडतो. मार्चचे हिशेब संपलेले असतात आणि खरिपाच्या बियाण्या-खताची धावपळ अजून सुरू झालेली नसते.